आबांनी घरी आणलेला निकाल

आमचे आबा सिव्हिल लाइन्समधल्या एका वकिलांचे मुंशी होते. महालातल्या घरून सायकलनं जायचे. संध्याकाळी परतले की टोपी खुंटीला, हातपाय धुणं, मग चहा, आणि चहासोबत कोर्टात काय झालं त्याची हकीकत. आजी भिवापुरी मिरच्यांची देठं खुडता खुडता ऐकायची. तिची शाळा चौथीतच सुटली होती, पण रिट म्हणजे काय हे तिला पक्कं ठाऊक होतं. "मंग न्यायाधीश काय म्हन्ले?" हा तिचा ठरलेला प्रश्न. वकील काय बोलले यात तिला फारसा रस नसे.

नागपूरला स्वतःचं हायकोर्ट मिळालं १९३६ साली. आजची ती घुमटाची दगडी इमारत १९४० च्या जानेवारीत व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या हस्ते उघडली. त्या दिवशी आबा आत मांडवात होते की बाहेर फाटकाशी, यावर आमच्या घरात दोन मतं आहेत. आबांचं स्वतःचं मतही सांगताना बदलायचं. थंडी फार होती, एवढं मात्र ते दर वेळी सांगत.

आबांचे लाडके न्यायमूर्ती म्हणजे व्हिव्हियन बोस. नागपूर विद्यापीठाचे पहिले कुलगुरू सर बिपिन कृष्ण बोस यांचे ते नातू. पुढे ते सर्वोच्च न्यायालयात गेले. पण आबांच्या लेखी ते कायम 'आपले बोससाहेब'. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर त्यांच्यापुढे भगवतीचरण शुक्ल विरुद्ध प्रांतिक सरकार हा खटला आला. त्यात त्यांनी सांगितलं की, शब्दांचा परिणाम जोखायचा तो समंजस, खंबीर, धीराच्या माणसाच्या मापानं. ज्याला प्रत्येक विरोधी मतात धोका दिसतो, त्या डळमळीत मनाच्या मापानं नाही. आबांनी हे आजीला सांगितलं आणि आजीनं ते संसारात आणलं. कुणी कुणाच्या बोलण्यावर रुसलं, की ती म्हणायची, "खंबीर मानसाले काय वाटंल थे पाह्य न बाप्पा." मोठी होईपर्यंत मला ही आजीचीच म्हण वाटायची.

१९५६ साली राजधानी गेली, हायकोर्टही जबलपूरला गेलं आणि आपल्याकडे मुंबईचं खंडपीठ उरलं. आबा त्यावर फार बोलत नसत. ओळखीची काही माणसं बिऱ्हाड आवरून जबलपूरला गेली. त्यांची पत्रं पुष्कळ वर्षं येत होती.

मग आणीबाणी आली. धाकट्या काकांना एका पहाटे मिसाखाली नेलं. आरोप नाही, खटला नाही, सुटकेची तारीख नाही. वर्धा रोडच्या जेलात ते होते. त्या हिवाळ्यात आजी भेटीच्या दिवशी सांभारवड्या तळून न्यायची. त्या आत पोचायच्या की फाटकावरच संपायच्या, याबद्दल काका कधी एक सांगतात, कधी दुसरं. आजी हयात असेपर्यंत मात्र पोचायच्याच.

त्या दिवसांत अनेक उच्च न्यायालयांनी, आणि त्यांत आपल्या नागपूर खंडपीठानंही, बंदिवानांचे अर्ज ऐकून घेतले. अटकेचा हुकूम निदान कायद्याप्रमाणे आहे का, एवढं तरी न्यायालय पाहू शकतं, असं म्हणण्याची हिंमत त्यांनी दाखवली. सरकार त्याविरुद्ध दिल्लीला गेलं. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एक अशा मतानं ते सगळं फिरवलं. आणीबाणी असेतो अटकेविरुद्ध दादच मागता येणार नव्हती. विरोधात एकटे न्यायमूर्ती ह. रा. खन्ना. पुढच्या जानेवारीत त्यांची ज्येष्ठता डावलून दुसऱ्यांना सरन्यायाधीश केलं आणि त्यांनी राजीनामा दिला. चौघांत यशवंतराव चंद्रचूड होते, पुण्याचे, आपल्या भाषेतले. आबांना त्याचं फार लागलं होतं. दोन दिवस चहावर कोर्टाचा विषय निघाला नाही, असं आई सांगते.

मला वाटतं, नागपूरचा तो निकाल हरूनही वाया गेला नाही. आणीबाणी उठल्यावर चौकाचौकांत, पानठेल्यांवर लोक 'जगण्याचा हक्क' हे शब्द बोलायला लागले. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनं ठरलं की, आणीबाणीतही कलम २१ चा आधार काढून घेता येणार नाही. आणि ऑगस्ट २०१७ मध्ये खासगीपणाच्या हक्काच्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं १९७६ चा तो निर्णय चुकीचा ठरवला. ते लिहिणाऱ्यांत धनंजय चंद्रचूड होते, यशवंतरावांचे चिरंजीव. तेव्हा ना आबा होते, ना आजी. काकांनी बातमी वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "खन्नासाहेबांनी एकट्यानं लिहिलं, म्हणून हे झालं." मी त्यात नागपूरचं नाव जोडलं. काका हसले.

बोससाहेबांचं मापही फिरत राहिलं. 'तमस' मालिका थांबवा म्हणून लोक कोर्टात गेले, तेव्हा मुंबई हायकोर्टाच्या न्यायमूर्तींनी ती आधी स्वतः पाहिली. पुढे १९८८ साली सर्वोच्च न्यायालयानं बंदीची मागणी फेटाळताना बोससाहेबांच्याच शब्दांचा आधार घेतला. आम्ही ती मालिका आजीबरोबर पाहिली होती. दंग्यांच्या प्रसंगांत ती पदर डोळ्यांना लावायची, पण टीव्ही बंद करा असं एकदाही म्हणाली नाही.

मार्च २०२५ मध्ये एका शायर खासदारावर कवितेमुळे गुजरातेत दाखल झालेला गुन्हा सर्वोच्च न्यायालयानं रद्द केला. निकालात पुन्हा तेच: खंबीर, धीराच्या माणसाचं माप. महालातल्या घरी सध्या भाचीची कायद्याची पुस्तकं पसरलेली असतात. तिला मी हे दाखवलं, तर तिला भगवतीचरण शुक्लांचा खटला आधीच ठाऊक होता. आजीनं तो संसारात कसा वापरला, ते मात्र मला सांगावं लागलं.