क्रीडाछायाचित्रे, मर्यादित आवृत्तीतील

गाजलेल्या क्रीडाछायाचित्रांच्या, ठरावीक संख्येतच काढलेल्या, क्रमांकित व बहुधा छायाचित्रकाराच्या सहीच्या प्रिंट. त्यांचा संग्रह हा छंद व बाजार दोन्ही आहे. क्रमांकनाची प्रथा अम्लरेखन व शिलामुद्रणातून आली (पहा : मुद्राचित्रण). ‘१२/१००’ म्हणजे शंभरांतील बारावी प्रत. छायाचित्रकाराच्या राखीव प्रती वेगळ्या मोजतात. चित्र टिपले त्याच सुमारास काढलेली ‘व्हिंटेज’ प्रिंट सामान्यतः महाग. नंतरची आवृत्ती, सही असली तरी, स्वस्त. गाजलेल्या छायाचित्रांपैकी, २५ मे १९६५ रोजी लुइस्टन (मेन, अमेरिका) येथील मुष्टियुद्धाच्या लढतीत पडलेल्या सनी लिस्टनसमोर उभ्या मुहम्मद अलीचे नील लायफरकृत रंगीत छायाचित्र सर्वपरिचित (पहा : मुष्टियुद्ध). प्रखर प्रकाश व आम्लयुक्त पुठ्ठ्याने प्रिंट खराब होतात. प्रत विकत घेतल्याने प्रताधिकार मिळत नाही (पहा : प्रताधिकार).