क ठाकर, म ठाकर

कर्जत तालुक्यात भिवपुरीजवळच्या एका ठाकरवाडीत आजींनी पत्र्याच्या पेटीतून दुधाची धुतलेली पिशवी काढली. आत चार घड्यांचा शाळेचा दाखला होता. त्यांच्या सासऱ्यांचा, १९५० च्या आधीचा. घड्यांवर फाटलेला, मागून चिकटपट्टी लावलेला. जातीपुढे शाईने ‘हिंदू ठाकर’. “यावर ठाकर लिवलंय ना, येवढं बघा,” आजी म्हणाल्या. नातवाची जात पडताळणी अडली होती. लिहिलं होतं, आणि स्वच्छ लिहिलं होतं. त्या काळी ठाकराचं पोर शाळेत गेलं हेच नवल. त्यात मास्तरांचं अक्षर चांगलं, हे या घराचं नशीब.

ठाकर, कातकरी, महादेव कोळी, आगरी, कुणबी ही नावं या पट्ट्यात एकमेकांना हाक मारायला पुरत होती. ती रकान्यात बसवली सरकारने. १८७२ च्या शिरगणतीत कर्जत तालुका ठाणे जिल्ह्यात होता. १८९१ मध्ये तो कुलाब्याला जोडला गेला आणि १९८१ मध्ये कुलाब्याचा रायगड झाला. वाड्या जागच्या जागी, कागदावर मात्र तिसरा पत्ता.

धर्माचंही तसंच. ज्या शेंदरी दगडाला ठाकर वाघदेव म्हणतो, ज्या हिरव्याला कोंबडं देतो, ते देव जिथे होते तिथेच राहिले. १९०१ च्या शिरगणतीत अशा लोकांसाठी ‘ॲनिमिस्ट’ हा रकाना होता. झाडाझुडपात, दगडाधोंड्यात जीव मानणारे, असा त्याचा अर्थ. आता हिंदू कुठे संपतो आणि ॲनिमिस्ट कुठे सुरू होतो? ते दारात उभा असलेला गणक ठरवायचा, आणि गणक बहुतेक गावचा तलाठी नाहीतर मास्तर. १९३१ मध्ये तोच रकाना ‘जमातींचे धर्म’ अशा अर्थाच्या नावाने आला. स्वातंत्र्यानंतर तो हळूहळू पुसला गेला. आज फॉर्मवर सहा धर्म आहेत आणि उरलेल्यांसाठी ‘इतर’. २०११ मध्ये देशभरात सुमारे ७९ लाख लोकांनी हे ‘इतर’ भरलं. त्यात मोठा वाटा झारखंडकडच्या सरना धर्म मानणाऱ्या आदिवासींचा. आमच्या वाड्यांवर ‘हिंदू’च लिहिलं जातं.

गंमत अशी की दूरच्या इंडोनेशियातही मान्य धर्म सहाच. तिथे ओळखपत्रावरच धर्माचा रकाना असतो. बोर्निओतल्या दायाक लोकांचा कहारिंगन धर्म त्या यादीत नव्हता, म्हणून १९८० मध्ये तो हिंदू धर्माची शाखा म्हणून नोंदवला गेला. भात पिकवणारी, जंगलात राहणारी माणसं कागदापुरती हिंदू झाली. स्थानिक श्रद्धा रकान्यात लिहायची मुभा तिथल्या घटना न्यायालयाने दिली ती २०१७ मध्ये.

रकाना लोकांनी स्वतःच्या हाताने बदलल्याचं आपल्याकडचं मोठं उदाहरण एकच. १९५१ मध्ये महाराष्ट्रात बौद्ध होते २,४८७; १९६१ मध्ये २७,८९,५०१. मध्ये १४ ऑक्टोबर १९५६ चं नागपूरचं धर्मांतर आहे. एरवी गणक विचारतो आणि माणूस सांगतो. १९६१ मध्ये माणसं आधीच ठरवून बसली होती.

ठाकरांना असं काही ठरवायची वेळ आली नाही. त्यांच्यासाठी यादी आली. १९५० नंतरच्या अनुसूचित जमातींच्या यादीत ‘ठाकूर, ठाकर, क ठाकूर, क ठाकर, म ठाकूर, म ठाकर’ अशी नोंद आहे. क आणि म ही जमातीतल्या दोन पोटशाखांची नावं. सह्याद्रीच्या ठाकरांवर ल. ना. चापेकरांनी १९६० मध्ये एक अख्खं इंग्रजी पुस्तक लिहिलं. सरकारला दोन अक्षरं पुरली. वर तालुक्यांची अट. कर्जत, खालापूर यादीत, घाटावरचे मावळ, मुळशी यादीत, पण सगळा महाराष्ट्र नाही. म्हणजे ठाकर आदिवासी आहे की नाही, हे तालुक्याच्या शिवेवर ठरे. १९७६ मध्ये ही अट गेली.

तेव्हापासून संशय सुरू झाला. ‘ठाकूर’ हे आडनाव इतर जातींतही आहे. मग खरा ठाकर कोण? पडताळणी समितीचं दक्षता पथक घरी येतं आणि देव कोणते, लग्नात काय करता, मयताला काय करता, हे विचारतं. याला म्हणतात आप्तभाव चाचणी. शहरात वाढलेल्या पोराला हिरवा ठाऊक नसेल तर तो नापास. ठाकूर जमातीच्याच एका संघटनेच्या खटल्यात मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ही चाचणी म्हणजे अंतिम कसोटी नव्हे, आणि १९५० च्या आधीच्या कागदांचं मोल मोठं. दुधाच्या पिशवीची किंमत ती ही.

कातकऱ्याकडे तर असा कागदही क्वचितच. खैराचा काथ करणारा तो काथकरी. जंगलं राखीव झाली, भट्ट्या विझल्या, नाव मागे राहिलं. १९७५ मध्ये केंद्राने महाराष्ट्रातल्या तीन जमाती ‘आदिम’ ठरवल्या, त्यात कोलाम आणि माडिया गोंडांबरोबर कातकरी आले. पण मोजायचं कुठे? दिवाळी झाली की वीटभट्टीवाल्याचा टेम्पो वाडीत येतो. अंगावर घेतलेली उचल फेडायला अख्खं कुटुंब, भांड्याकुंड्यांसह, कोंबड्यांसह चढतं, ते पावसाच्या तोंडावर परततं. आणि शिरगणती बहुतेक वेळा फेब्रुवारी-मार्चची. १८८१ ची १७ फेब्रुवारीला झाली, २०११ ची ९ ते २८ फेब्रुवारीत. २०२७ ची गणनाही फेब्रुवारीतच, आणि या खेपेला १९३१ नंतर प्रथमच सगळ्यांची जात विचारायची आहे.

आजींच्या वाडीहून उतरताना वाटेत कातकरवाडी लागली. दहाबारा कुडाची घरं, दारांना काट्यांच्या फांद्या लावलेल्या, एका दाराला नायलॉनची दोरी गाठ मारून बांधलेली. ओट्यावर एक म्हातारा होता. बाकीची मंडळी कुठे, विचारलं. त्याने हात नुसताच भिवंडीच्या दिशेला केला.