शिरगावची चार अक्षरे

गोव्याच्या डिचोली तालुक्यातील शिरगाव हे गाव लईराई देवीच्या वैशाखातील जत्रेमुळे सर्वपरिचित आहे. त्या गावाचे नाव दिले, तर प्राथमिक शाळेतील मूलदेखील शि, र, गा, व अशी चार अक्षरे मोजून दाखवील. परंतु मराठी विकिपीडियासारखी असंख्य संकेतस्थळे जिच्या आधारे चालतात, त्या पीएचपी या संगणकभाषेस तोच प्रश्न विचारला, तर तिचे मूळचे मोजमाप ‘अठरा’ असे उत्तर देते. हे अंतर कसे भरून निघाले, तो इतिहास उद्बोधक आहे.

लिपी आणि यंत्र यांचा बेबनाव गोव्यास नवा नाही. १५५६ साली गोव्यात छापखाना आला. युरोपीय वर्णमालेस चोवीस साचे पुरतात, येथील अक्षरांस मात्र सुमारे सहाशे लागतील, ही अडचण फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६०८ च्या एका पत्रात आपल्या वरिष्ठांस कळविली होती. त्यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले, तेही रोमन अक्षरांतच.

पीएचपीचा जन्मही रोमन अक्षरे गृहीत धरूनच झाला. रासमुस लेर्डोर्फ यांनी १९९४ साली स्वतःच्या संकेतस्थळासाठी सी भाषेत काही छोटे प्रोग्राम लिहिले, हे तिचे मूळ. पुढे इस्रायलमधील झीव सुरास्की व अँडी गुटमन्स या विद्यार्थ्यांनी तिची नव्याने बांधणी केली आणि १९९८ साली तिसरी आवृत्ती प्रसिद्ध झाली. परक्या प्रोग्रामरलाही सी भाषेत जोडभाग, म्हणजे एक्स्टेन्शन, लिहून मूळ भाषेस नवे सामर्थ्य देता यावे, ही तिची मोठी सोय होती.

असा जोडभाग लिहिणे हे जोखमीचे काम होय. पीएचपीमध्ये प्रत्येक मूल्य, ते संख्या असो वा मजकूर, ‘झीव्हॅल’ नावाच्या एका पेटीत ठेवलेले असते. जोडभागाने ती पेटी उघडावी, आतील मूल्याचा प्रकार तपासावा, काम करावे आणि उत्तर पुन्हा तशाच पेटीत घालून द्यावे. पीएचपीत लिहिणाऱ्याची स्मृतीतील जागा भाषाच सांभाळते; सी भाषेत ती जबाबदारी लिहिणाऱ्यावर येते. घेतलेली जागा परत न केल्यास स्मृती हळूहळू भरत जाते. परत केलेल्या जागेस पुन्हा हात लावल्यास पान देणारी प्रक्रियाच कोसळू शकते. हा मजकूर कंपायलरमधून यंत्रभाषेत उतरवून पीएचपीस जोडला जातो. डिसेंबर २०१५ मध्ये सातवी आवृत्ती आली, तेव्हा पेटीची रचनाच बदलली आणि जोडभागांच्या लेखकांस आपले काम पुन्हा तपासून दुरुस्त करावे लागले.

लिपीचा प्रश्न सुटला तो याच मार्गाने. यूटीएफ-८ या लेखनपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापते, आणि मूळ पीएचपी केवळ बाइट मोजते. जपानी प्रोग्रामरांनी आपल्या लिपीच्या गरजेतून उभारलेला ‘एमबीस्ट्रिंग’ हा जोडभाग चिन्हे मोजतो; शिरगावची चिन्हे सहा भरतात, कारण वेलांटी व काना तेथे निराळे गणले जातात. त्याने पहिले चिन्ह तोडून दिले, तर हाती वेलांटीविना ‘श’ येतो. संपूर्ण भाषाच युनिकोडवर उभारण्याचा संकल्प सहाव्या आवृत्तीसाठी झाला होता. तो २०१० साली सोडून द्यावा लागला. पण त्याआधीच, जून २००९ मध्ये, ५.३ या आवृत्तीबरोबर ‘इंटल’ हा जोडभाग वितरित होऊ लागला होता. तो आयसीयू या ग्रंथालयाकडून अक्षरांच्या सीमा ठरवून घेतो, आणि त्याचे उत्तर मुलाच्या उत्तराशी जुळते : चार.

जोडाक्षरांचे कोडे मात्र याहून अधिक काळ राहिले. जोडाक्षर मध्येच तोडू नये, हा नियम युनिकोडच्या १५.१ या आवृत्तीत, सप्टेंबर २०२३ मध्ये, देवनागरीसह काही लिप्यांसाठी दाखल झाला. पूर्वीच्या नियमाने ‘ख्रिस्तपुराण’ या शब्दाचे सात तुकडे होत. नव्या नियमाने पाच होतात, आणि मराठी माणूसही पाचच मोजतो.

फादर स्टीफन्स यांस हवे होते सहाशे साचे. आज साचा लागत नाही, नियम लागतो. तो नियम यंत्रास शिकविण्याचे काम भाषेच्या गाभ्याला साधले नाही, ते बाहेरून जोडलेल्या भागाने केले. ज्यांची लिपी यंत्रास परकी वाटते, त्यांनी त्या यंत्राचे अंतरंगही शिकून घ्यावे, हाच या इतिहासाचा बोध होय.