कृष्णधवल निगेटिव्हचे स्कॅनिंग
कृष्णधवल फिल्मवरील निगेटिव्ह प्रतिमेचे संगणकीय प्रतिमेत रूपांतर करण्याची प्रक्रिया. रंगीत फिल्म धुताना तिच्यातली चांदी निघून जाते आणि रंगद्रव्ये उरतात. कृष्णधवल फिल्मवर मात्र प्रतिमा चांदीच्या कणांचीच असते. स्कॅनिंगच्या बऱ्याच अडचणी इथूनच सुरू होतात.

धूळ व ओरखडे आपोआप पुसणारी ‘डिजिटल आइस’सारखी सोय अवरक्त किरणांवर चालते. हे किरण रंगद्रव्यांतून आरपार जातात, धुळीपाशी अडतात. चांदीही त्यांना अडवते. त्यामुळे यंत्र प्रतिमेलाच धूळ समजते आणि चेहऱ्याच्या रेषा, केसांच्या बटा पुसट करून टाकते. ही सोय बंदच ठेवावी. रंगीत फिल्मच्या रसायनांत धुतली जाणारी इलफर्ड एक्सपी2 हा अपवाद, कारण तिच्यातही शेवटी रंगद्रव्येच उरतात. एरवी स्कॅनआधी ब्लोअरने धूळ उडवणे आणि मऊ ब्रश फिरवणे याला पर्याय नाही.

चांदीचे कण प्रकाश विखुरतात. एकाच दिशेने येणाऱ्या प्रकाशात निगेटिव्हचे दाट भाग आहेत त्याहून दाट दिसतात, कॉन्ट्रास्ट वाढतो, ओरखडेही उठून दिसतात. आंद्रे कॅलिए यांनी 1909 मध्ये या परिणामाचा अभ्यास मांडला. म्हणून जुन्या, चरे पडलेल्या फिल्मला पसरट, मवाळ प्रकाश मानवतो.

35 मिमी फिल्मची चौकट 24 × 36 मिमी असते. दर इंचाला 4,000 बिंदू घेतले तर सुमारे 5,670 × 3,780 पिक्सेलची प्रतिमा मिळते. फ्लॅटबेड स्कॅनरच्या खोक्यावरचे आकडे याहून मोठे असले, तरी प्रत्यक्षात तेवढा तपशील क्वचितच हाती येतो. फिल्म काचेला चिकटली तर इंद्रधनुषी वलये उमटतात आणि वाकली तर कडा धूसर होतात. तेव्हा ती होल्डरमध्ये ताठ बसवणे महत्त्वाचे.

स्कॅन 16 बिटमध्ये करून टिफ फाइलमध्ये साठवावा. 8 बिटमध्ये राखाडीच्या 256 पायऱ्या मिळतात, 16 बिटमध्ये 65,536. पुढे कॉन्ट्रास्ट ताणताना आकाशात पट्टे पडत नाहीत. हिस्टोग्रामची, म्हणजे छटांच्या आलेखाची, दोन्ही टोके मोकळी राहायला हवीत. असा स्कॅन पडद्यावर फिका, निर्जीव दिसतो, पण चांगला स्कॅन तोच. सुरुवातीलाच झळझळीत केलेल्या स्कॅनमधून पांढऱ्या साडीच्या चुण्या कायमच्या जातात.

ॲसिटेट फिल्मला व्हिनेगरसारखा आंबूस वास येऊ लागला, की तिचा पाया आकसू लागल्याचे समजावे. पुढे इमल्शनला, म्हणजे प्रतिमेच्या थराला, सुरकुत्या पडतात आणि फिल्म सपाट बसत नाही. संग्रहातली अशी निगेटिव्ह सर्वांत आधी स्कॅन करावीत.