प्लगइन-व्यवस्थापन

मूळ संगणकीय आज्ञावलीत फेरफार न करता तिच्या क्षमतेत भर घालणारी व स्वतंत्रपणे बसविता येणारी पूरक आज्ञावली म्हणजे प्लगइन होय. बसविलेल्या प्लगइनांची सूची पाहणे, त्यांपैकी एखादे चालू वा बंद ठेवणे, अद्ययावत करणे आणि काढून टाकणे या क्रियांना प्लगइन-व्यवस्थापन म्हणतात. प्लगइन बहुधा त्रयस्थ उत्पादकाने तयार केलेले असते. तथापि पुष्कळदा ते मूळ आज्ञावलीच्या अंतर्भागात व तिच्याच अधिकारांनिशी चालते. त्यामुळे काय बसविले आहे हे कोणास कळावे आणि ते काढण्याचा अधिकार कोणाचा, हा या विषयाच्या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न ठरला.

प्रारंभीच्या पद्धती : १९८७ च्या सुमारास ॲपलच्या मॅकिंटॉश संगणकांवरील हायपरकार्ड, तसेच सिलिकॉन बीच सॉफ्टवेअर या कंपनीची डिजिटल डार्करूम यांत अशा जोडणीची सोय होती. १९९० मध्ये बाजारात आलेल्या फोटोशॉप या चित्रसंस्करणाच्या आज्ञावलीमुळे ही पद्धत रूढ झाली. प्लगइनाची फाइल ठरावीक फोल्डरमध्ये ठेवली, की आज्ञावली सुरू होताना तिची नोंद घेई. फाइल तेथून हलविली, की पुढील वेळी ते प्लगइन उपलब्ध नसे. म्हणजे फोल्डर हीच सूची होती व तिच्यावर वापरणाऱ्याचा पूर्ण ताबा असे.

सूची व नियंत्रण : १९९५-९६ मध्ये नेटस्केप नॅव्हिगेटरच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर इंटरनेट ब्राउझरमध्ये प्लगइने आली. ध्वनी, चलच्चित्रे इ. दाखविण्यासाठी त्यांचा उपयोग होई. नेटस्केपमध्ये बसविलेल्या प्लगइनांची नावे, फाइली व त्यांना उघडता येणारे माहितीचे प्रकार दर्शविणारे एक पृष्ठ असे. मात्र ते केवळ वाचण्यापुरते होते. मोझिलाच्या फायरफॉक्स ३ या आवृत्तीत (२००८) सूचीतूनच प्लगइन बंद करण्याची सोय झाली.

या सोयीची मर्यादा लवकरच उघड झाली. २००९ च्या प्रारंभी विंडोजच्या अद्ययावतीकरणाबरोबर मायक्रोसॉफ्टचे ‘डॉट नेट फ्रेमवर्क असिस्टंट’ हे विस्तारक वापरणाऱ्यास न विचारता फायरफॉक्समध्ये बसविले गेले. सूचीत ते दिसे. परंतु ते काढण्याचे बटण निष्क्रिय होते. पुढे मायक्रोसॉफ्टने ते काढण्याची सोय करून दिली. ऑक्टोबर २००९ मध्ये सुरक्षाविषयक दोषामुळे मोझिलाने हे विस्तारक व त्याच्याशी संबंधित एक प्लगइन आपल्या प्रतिबंधित सूचीत घातले, तेव्हा ती दोन्ही दूरवरून बंद झाली. ती बसविताना वापरणाऱ्याची संमती घेतली गेली नव्हती आणि बंद करतानाही त्याचा निर्णय निर्णायक ठरला नाही.

केंद्रीकरण : २०१६ मध्ये फायरफॉक्सच्या सर्वसाधारण आवृत्तीत मोझिलाची अंकीय स्वाक्षरी नसलेली विस्तारके चालेनाशी झाली. घातक विस्तारकांना यामुळे आळा बसला. पण ४ मे २०१९ रोजी स्वाक्षऱ्यांच्या पडताळणीतील एका प्रमाणपत्राची मुदत संपताच असंख्य वापरणाऱ्यांची निर्दोष विस्तारकेही एकाएकी बंद पडली. सुरक्षिततेसाठी अधिकार एका ठिकाणी एकवटल्यास तेथील चूकही सर्वत्र पोहोचते, हे या घटनेने दाखविले.

सद्यःस्थिती : जुन्या धर्तीची प्लगइने ब्राउझरमधून लोप पावली आहेत. क्रोमने २०१५ मध्ये व फायरफॉक्सने २०१७ मध्ये (फ्लॅशचा अपवाद करून) त्यांचा आधार काढून घेतला. ३१ डिसेंबर २०२० रोजी ॲडोबीने फ्लॅशचा पाठिंबा थांबविला. संकेतस्थळे उभारण्याच्या वर्डप्रेस या आज्ञावलीत मात्र २००४ पासून आलेली प्लगइन-पद्धती टिकून आहे. २०२० पासून तीत प्रत्येक प्लगइन आपोआप अद्ययावत व्हावे की नाही, हे संकेतस्थळाच्या चालकास ठरविता येते. तीत प्लगइन निष्क्रिय केले, तरी त्याच्या फाइली संगणकावर राहतात आणि त्यांतील दोषांचा गैरफायदा घेतला जाऊ शकतो. म्हणून अनावश्यक प्लगइन केवळ निष्क्रिय न ठेवता काढून टाकणे इष्ट असते. सूचीत नाव दिसणे, ते बंद करता येणे व ते समूळ काढता येणे या तीन वेगळ्या गोष्टी असून तिन्ही वापरणाऱ्याच्या हाती असतील, तरच व्यवस्थापन पूर्ण म्हणता येते.