मूत्रपिंडाची परीक्षा : मेणबत्तीपासून प्रयोगशाळेपर्यंत

लघवी तपासावयास द्यावयाची म्हटली म्हणजे आपण सारे जरा संकोचतों. बाटली वर्तमानपत्राच्या कागदांत गुंडाळून, पिशवीच्या तळाशीं दडवून, ती प्रयोगशाळेच्या खिडकीपर्यंत पोंचवितों. रक्त देतांना मात्र हात ऐटीनें पुढें करतों. रक्ताच्या अहवालांतील आंकडा आपणांस अधिक शास्त्रीय वाटतो, आणि लघवीची तपासणी म्हणजे कांहीं तरी जुनाट उपचार! मूत्रपिंडाच्या बाबतींत हा समज कितपत खरा आहे, तें आज इतिहासाच्या आधारें पाहूं. हा इतिहास दूरदूरच्या देशांतून फिरून शेवटीं आपल्या नागपुरांतच येऊन ठेपतो.

वैद्यांच्या परिचयाच्या 'योगरत्नाकर' ग्रंथांत मूत्रपरीक्षेचा विधि दिलेला आहे. रात्रीच्या अखेरीस रोग्यास उठवावें, पहिली धार सोडून मधली धार पात्रांत धरावी, आणि उजाडल्यावर तीवर गवताच्या काडीनें तेलाचा थेंब सोडावा. थेंब पसरला तर रोग साध्य, जागींच राहिला तर कष्टसाध्य, बुडाला तर असाध्य. तेलाच्या थेंबानें मूत्रपिंडाचा रोग कळतो असें मी म्हणणार नाहीं. तसें म्हणणें हा निव्वळ अभिमान होईल. परंतु पहांटेची लघवी घ्या, पहिली धार टाका, ही सूचना आजच्या प्रयोगशाळेंतही मिळते. निरीक्षण खरें होतें. त्यावरून काढलेला निष्कर्ष तेवढा टिकला नाहीं.

निष्कर्ष टिकेल अशी परीक्षा रूढ केली ती लंडनच्या गाय रुग्णालयांतील डॉक्टर रिचर्ड ब्राइट यांनीं. सर्वांगाला सूज आलेल्या रोग्याची लघवी ते चमच्यांत घेत आणि मेणबत्तीवर धरीत. ती तापतांच अंड्यांतील पांढऱ्या बलकाप्रमाणें साखळली, तर तींत अल्ब्युमिन हें प्रथिन आहे असें ठरे. असा रोगी दगावला म्हणजे शवविच्छेदनांत त्याचीं मूत्रपिंडें बिघडलेलीं आढळत. सूज, साखळणारी लघवी आणि बिघडलेलें मूत्रपिंड, ह्या तिहींचा संबंध त्यांनीं १८२७ सालीं ग्रंथरूपानें मांडला. लघवी उष्णतेनें साखळते हें त्यांच्यापूर्वींही कांहींना ठाऊक होतें. पण तिची सांगड मूत्रपिंडाशीं घालून देण्याचें श्रेय ब्राइट यांचेंच. पुढें १८४२ सालीं ह्या एकाच रोगासाठीं त्यांना त्या रुग्णालयांत ४२ खाटांचे दोन कक्ष मिळाले व शेजारीं लहानशी प्रयोगशाळाही मिळाली.

रक्ताकडे लक्ष वळलें तें साधारण त्याच काळांत. मूत्रपिंडें काढून टाकलेल्या जनावरांच्या रक्तांत युरिया सांचतो, हें प्रेव्हो आणि द्युमा यांनीं १८२१ सालीं दाखविलें. मग १८८६ सालीं मॅक्स याफे यांनीं क्रिएटिनिन ओळखण्याची रीत शोधली. क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंच्या रोजच्या झिजेंतून निर्माण होणारें आणि मूत्रपिंडावाटे बाहेर पडणारें द्रव्य. पिक्रिक आम्ल आणि क्षार यांच्याशीं त्याचा संयोग झाला कीं नारिंगी तांबडा रंग येतो. हें पिक्रिक आम्ल पुढें तोफगोळ्यांतही भरीत, ही त्याची दुसरी कीर्ति! अमेरिकेंत ऑटो फोलिन यांनीं १९०४ च्या सुमारास ह्या रंगाची गडदता मोजून त्याचा आंकडा बनविला. सव्वाशें वर्षें होऊन गेलीं, तरी अनेक प्रयोगशाळांतील यंत्रें अजून याफे यांचाच रंग मोजतात.

ह्या आंकड्यांत एक खोट आहे. मूत्रपिंडांची जवळजवळ निम्मी शक्ति खर्ची पडेपर्यंत रक्तांतील क्रिएटिनिन सामान्य मर्यादेंतच राहूं शकतें. शिवाय तें स्नायूंपासून होतें. म्हणून पैलवानाचें अधिक भरतें, आणि डाळभातावर राहणाऱ्या किडकिडीत माणसाचें मूत्रपिंड बिघडलें असतांही कमी भरतें. वय व लिंग जमेस धरून हा दोष सुधारणारीं सूत्रें पुढें निघत आलीं. पण सूत्र झालें तरी ज्यांच्या शरीरांवरून तें बांधलें, त्यांच्यापुरतेंच तें भरंवशाचें.

ही खोट जेथें फार महाग पडते असा एक रोग विदर्भाच्या दाराशींच आहे. तो म्हणजे सिकलसेल. ह्यांत तांबड्या पेशी प्राणवायु कमी पडला कीं विळ्याचा आकार घेतात. शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनीं १९१० सालीं त्याचें पहिलें वर्णन केलें. भारतांत त्याची नोंद १९५२ सालीं निलगिरींत झाली, आणि १९५८ सालीं शुक्ल व सोळंकी यांचा मध्य भारतांतील सिकलसेलसंबंधींचा निबंध 'लॅन्सेट'मध्यें आला. नागपूरचें वैद्यकीय महाविद्यालय १९४७ सालीं निघालें. तेथील रक्तशास्त्राला हा विषय शोधीत दूर जावें लागलें नाहीं. पूर्व विदर्भांतील आदिवासी, दलित आणि इतरही अनेक समाजांतील रोगी रोज दारांत उभे असत.

हेरिक यांच्या त्या पहिल्या वर्णनांतच एक नोंद आहे : रोग्याला लघवी पुष्कळ होते आणि तिचें विशिष्ट गुरुत्व कमी आहे. तिचा अर्थ उलगडण्यास बरींच वर्षें लागलीं. मूत्रपिंडाचा गाभा हा शरीरांतील फार खारट आणि प्राणवायूला फार पारखा असा भाग. तेथें पोंचलेल्या पेशी विळ्यासारख्या वांकतात व सूक्ष्म रक्तवाहिन्या तुंबवितात. मग पाणी राखून लघवी घट्ट करण्याची शक्ति बालपणींच जाते. असें मूल रात्रीं अंथरूण ओलें करतें आणि सकाळीं आईची बोलणीं खातें. नागपूरच्या वैशाखांत त्याच्या अंगांतील पाणी इतरांपेक्षां लवकर आटतें. पाणी आटलें कीं पेशी आणखी वांकतात आणि हाडें दुखूं लागतात.

ह्याच मुलाचें क्रिएटिनिन तपासलें तर काय दिसतें? बहुधा उत्तम! कारण ह्या रोगांत तरुणपणीं मूत्रपिंडाची गाळणी गरजेपेक्षां अधिक गाळते, नलिकाही जास्त क्रिएटिनिन बाहेर टाकतात, आणि अंगावर स्नायू बेताचेच असतात. आंकडा चांगला म्हणून घरचे निर्धास्त होतात. त्या अवधींत गाळणी हळूहळू झिजत असते आणि अल्ब्युमिन थोडें थोडें पाझरत असतें. हें पाझरणें चमच्यांत साखळण्याइतकें नसतें. तें मोजण्याची सूक्ष्म रीत १९६३ सालीं हॅरी कीन व क्लुव्हेराकिस यांनीं मधुमेहाच्या निमित्तानें दिली. आतां सिस्टॅटिन-सी सारखीं स्नायूंवर फारसें अवलंबून नसणारीं रक्तद्रव्येंही मोजतां येतात. तरी पहिली हांक बहुधा लघवींतूनच येते.

केंद्र सरकारनें १ जुलै २०२३ रोजीं सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. ह्या तपासण्यांत ज्याला रोग आढळला, त्याची लघवी वयाच्या दहाव्या वर्षापासून दरवर्षीं प्रथिनासाठीं तपासावी, असा सल्ला अमेरिकेंतील तज्ज्ञांनीं २०१४ सालीं दिलेला आहे. प्रथिन वेळींच दिसलें तर तें कमी करणारीं औषधें उपलब्ध आहेत. आणि ज्या घरांत असें मूल आहे, त्यांनीं शाळेंतील गुरुजींच्या कानावर एवढें अवश्य घालावें कीं, ह्याच्या बाकावर पाण्याची बाटली राहूं द्या, आणि तासाच्या मध्यें लघवीला जाण्याची परवानगी मागितल्यास त्याला रागें भरूं नका.