भाऊसाहेबांचा तोतया

सोंग घेणाऱ्याला उर्दूत आपण बहुरूपिया म्हणतो. पण एखाद्या ठरावीक माणसाचे नाव, नाते आणि हक्क उचलून त्याच्या जागी जाऊन बसणाऱ्याला मराठीत 'तोतया' म्हणतात. त्याच्या तोडीचा शब्द आम्हाला उर्दूत सापडलेला नाही. मराठी माणसाने हा शब्द ऐकला की त्याला पानिपत आठवते.

१४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊ पानिपतावर पडले. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराजाने या लढाईची हकीकत फारसीत लिहिली आहे. भाऊंचे धड शिराविना सापडले, अंगावरच्या जुन्या खुणांवरून ते ओळखले गेले आणि शुजाने अब्दालीकडे रदबदली केल्यामुळे हिंदू रिवाजाप्रमाणे दहन झाले, असे तो सांगतो. वर्गात हा भाग शिकवताना मुले हमखास विचारतात, "सर, मग पुण्यातल्या लोकांना कसं कळलं?" प्रश्न रास्त आहे. पुण्याला कळले ते दुरून आलेल्या पत्रांतून आणि अफवांतून. ज्यांची माणसे परत आली नाहीत, त्या घरांनी खुणेच्या पुराव्यापेक्षा अफवेला जवळ केले. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई स्वतः त्या मोहिमेत होत्या. त्या सुखरूप परतल्या, पण त्यांनी विधवेचे आचार कधीच स्वीकारले नाहीत.

अशा हवेत माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीत एक जण 'मीच भाऊ' म्हणत पुढे आला. चौकशीत तो बुंदेलखंडाकडचा सुखनिधान नावाचा कनोजा ब्राह्मण निघाला. त्याला ठार न करता कैदेत ठेवले. या किल्ल्यावरून त्या किल्ल्यावर हलवत शेवटी त्याला रत्नागिरीच्या किल्ल्यात आणले.

त्याचे खरे दिवस उगवले ते पुढे. १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाला, १७७४ मध्ये जन्मलेले मूल गादीवर बसले आणि राघोबादादा इंग्रजांच्या आश्रयाला गेले. पुण्यात धनी कोण, हेच सामान्य माणसाला समजेना. १७७६ च्या सुरुवातीला रत्नागिरीचा अंमलदार रामचंद्र नाईक परांजपे याने कैद्याला मोकळे केले आणि त्यालाच भाऊसाहेब म्हणून पुढे केले. काही महिन्यांत कोकणचा मोठा भाग आणि हजारोंची फौज त्याच्या मागे उभी राहिली.

हे सगळे लोक फसले होते, असे आम्हाला वाटत नाही. काहींचा विश्वास होता, काहींना कारभाऱ्यांवरचा राग काढायचा होता आणि काहींना फक्त पगार हवा होता. सुखनिधानाला नाव हवे होते, आणि परांजप्याला सुखनिधान हवा होता. तोतया एकट्याने उभा राहत नाही. त्याला खरा म्हणणारे चार जण लागतात आणि त्यांचा स्वार्थ बहुधा त्याच्याहून मोठा असतो.

महादजी शिंद्यांच्या फौजांनी बंड मोडले. तोतया मुंबईकडे पळाला, पण वाटेत कुलाब्याच्या रघुजी आंग्र्यांनी त्याला पकडून पुण्याला धाडले. १७७६ सरण्यापूर्वीच त्याला देहान्ताची शिक्षा झाली. पुढे न. चिं. केळकरांनी 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिले आणि सुखनिधान रंगभूमीवर आला.

आम्हाला मात्र त्याच रणांगणावरचा दुसरा माणूस राहून राहून आठवतो. इब्राहिमखान गारदी भाऊंच्या शब्दाला जागून लढला, जखमी होऊन सापडला आणि अब्दालीच्या कैदेत मेला. त्याच्या नावाने कोणी तोतया उभा राहिल्याचे आमच्या वाचनात नाही. कसा उभा राहणार? त्या नावामागे ना गादी होती, ना जहागीर, ना वाट पाहणारा दरबार. जे नाव घेतल्यावर दरवाजे उघडतात, तेच चोरीला जाते.

पार्वतीबाईंचा दरवाजा मात्र त्या नावासाठी उघडाच राहिला. १७७४ मध्ये पुरंदरावर गरोदर गंगाबाईंच्या सोबतीला त्याच होत्या. गंगाबाई गेल्यावर पोरक्या सवाई माधवरावांकडे त्यांनीच पाहिले. सुखनिधानाला शिक्षा झाली, तरी त्यांच्या कपाळावरचे कुंकू तसेच होते.